मदत हवी आहे : ससा रात्री पाय आपटतो, हाताला चावतो. अर्जंट!

अशोकचौक_एक्स्प्रेस (३० जानेवारी, रात्री ११:४८)
नमस्कार मंडळी. थेट मुद्द्यावर येतो, डोकं उठलंय. आमचा ससा बंड्या (पांढरा, लाल डोळे) चार दिवस झाले वेड्यासारखा करायलाय. रात्री अडीच-तीनला मागचे पाय फरशीवर दाणदाण आपटतो. एकदा आपटून गप्प बसला तर ठीक, हा दहा-दहा मिनिटं चालूच. आम्ही वरच्या मजल्यावर, खाली घरमालकीण काकू. परवा जिन्यात गाठून विचारलं, "काय रे, रात्री तीनला मसाला कुटताय व्हय?" काय सांगणार?

वर परत खायला घालायला हात आत घातला की घुर्र करून अंगावर येतो. काल चावला, रक्त आलं. हाच बंड्या महिन्यापूर्वी मांडीवर येऊन बसायचा. याला काय झालंय आणि हे कसं बंद करायचं तेवढं सांगा. "प्रेम द्या" वगैरे नको, भरपूर दिलंय.

होटगी_रोडकर (रात्री ११:५७)
वय? नर की मादी? पिंजरा कुठे ठेवलाय? खाणं कसं आहे? लेंड्या नेहमीसारख्या गोल, कोरड्या आहेत का? फोटो टाका.

अशोकचौक_एक्स्प्रेस (रात्री १२:०२)
वय आठ-नऊ महिने असेल. नर. दुकानदारानं नर म्हणूनच दिला. खातोय. लेंड्या मोजल्या नाहीत. फोटो चढंना, साईज मोठी म्हणतंय. उपाय सांगा की.

जोडीदार (रात्री १२:०६)
एकटा आहे म्हणून असं करतो. जोडी करा. आमच्याकडे जोडी आणली आणि सगळं शांत.

गड्डेकर (रात्री १२:१४)
दारूकाम! गड्ड्याच्या (आपल्या सिद्धेश्वर यात्रेच्या) दारूकामाचा आवाज डोक्यात बसलाय त्याच्या. होम मैदानावर बार उडाले की आमचं कुत्रं दोन दिवस पलंगाखालून बाहेर येत नाही. सशाचे कान बघा केवढे.

अशोकचौक_एक्स्प्रेस (रात्री १२:१७)
दारूकाम होऊन पंधरा दिवस झाले की बे. एवढ्या उशिरा आठवण आली व्हय त्याला?

जुळे_सोलापूरची_ताई (रात्री १२:३१)
माझ्याकडे सहा वर्षांत तीन ससे झाले, त्या जोरावर सांगते.

पाय आपटणं ही सशाची शिट्टी. मुळात बिळात राहणारं जनावर. एकानं जमीन हादरवली की बाकीच्यांना कळतं, काहीतरी आलंय. भीती वाटली की आपटतात आणि राग आला तरी आपटतात. आमची थोरली तर मी कोथिंबिरीची जुडी फ्रिजमध्ये परत ठेवली तरी आपटते. तेव्हा नुसत्या आपटण्यावरून निदान होत नाही. आधी हे सांगा :

अंगावर येतो तेव्हा कान कसे असतात, शेपूट कशी असते? रात्री खिडकीत मांजर येतं का? पिंजऱ्याची जागा बदललीत का?

अशोकचौक_एक्स्प्रेस (रात्री १२:४०)
कान मागे पाठीला चिकटलेले. शेपूट वर. पुढचे दोन्ही पाय बॉक्सिंग केल्यासारखे मारतो. जागा तीच, मांजर नाही. पण ताई, कान मागे टाकले म्हणजे ससा निवांत असतो असं कुठंतरी वाचलेलं मी.

जुळे_सोलापूरची_ताई (रात्री १२:५२)
अर्धंच वाचलंत. नुसत्या कानांवर जाऊ नका, अख्खं अंग बघा. कान मागे, अंग सैल, मागचे पाय एका बाजूला पसरलेले, असं असेल तर निवांत. कान मागे, अंग ताठ, शेपूट उभी, वर घुरघुर, म्हणजे "हात मागे घे" ही शेवटची सूचना. तुम्ही ती वाचली नाही, मग त्यानं दातानं लिहून दिली.

आणि हात समोरून, नाकाच्या रोखानं नेता का? सशाला मागचं-वरचं जवळजवळ सगळं दिसतं, पण नेमकं नाकासमोरचं दिसत नाही. तिथून बोटं आली की तो दचकतो. बाजूनं न्या, आधी डोक्यावर टेकवा.

पेन्शनर_काका (३१ जानेवारी, सकाळी ६:१०)
सुप्रभात. आम्ही चाळीस वर्षं कबुतरं पाळली. कधी कुणी पाय आपटला नाही. सशाला पाणी देत असाल तर बंद करा, पाण्यानं ससा बिघडतो. हिरव्या पाल्यातलं पाणी त्याला पुरतं.

होटगी_रोडकर (सकाळी ६:४४)
काका, हा जुना गैरसमज आहे. सशाला चोवीस तास पाणी लागतं. पाणी कमी पडलं की पोटातला चारा सुकून घट्ट होतो आणि आतडं थंडावतं. आमच्याकडे नळाला पाणी पाचव्या दिवशी येतं, तरी सशाची वाटी भरलेली असते.

पेन्शनर_काका (सकाळी ६:५०)
रानातल्या सशाला कोण वाटी ठेवतं?

माळरान (सकाळी ७:०५)
काका, रानातला तो वेगळा. मी नान्नजच्या बाजूचा, माळढोक अभयारण्य आमच्या शेजारी. माळावरचा ससा बीळ करत नाही, गवतात दबून बसतो. त्याची पिल्लं अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्मतात. घरातल्या पांढऱ्या सशाचं मूळ युरोपातलं. त्याची पिल्लं उघडी, आंधळी. मराठीत दोघांना ससाच म्हणतो, तिथून घोळ सुरू होतो. आणि माळावरचा धरून घरी आणला तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यात अडकाल. दरवर्षी कापणीच्या वेळी कुणीतरी पिल्लू उचलून आणतंच.

वेल्डिंगवाला_विडीघरकुल (सकाळी ७:१२)
सशाचे पिंजरे बनवून मिळतील. खाली जाळी, लेंड्या आपोआप ट्रेमध्ये. चावायचा प्रश्नच नाही, वरून दार.

जुळे_सोलापूरची_ताई (सकाळी ७:२०)
दादा, खाली जाळी नको हो. सशाच्या तळव्याला कुत्र्यासारखी गादी नसते, नुसते केस असतात. जाळीवर राहून टाचांना जखमा होतात. आणि वरून हात आला की त्याला घार आल्यासारखंच वाटतं. दार बाजूनं करा, मी स्वतः दोन घेते.

अशोकचौक_एक्स्प्रेस (सकाळी ७:३८)
पिंजरा राहू दे! आज नवीनच नाटक. बंड्या तोंडात गवत धरून फिरायलाय. खात नाही. दोन्ही बाजूंनी गवत लोंबतंय, अगदी झुपकेदार मिशा लावल्यासारखं. कोपऱ्यात जातो, टाकतो, परत येतो, परत तोंड भरून घेतो. वीस मिनिटं बघायलोय. दात दुखत असतील का?

होटगी_रोडकर (सकाळी ७:४५)
शंभर टक्के दात. सशाचे दात जन्मभर वाढतात. चारा कमी पडला की झिजत नाहीत, वाकडे होतात, मग घास धरता येतो पण चावता येत नाही. माझ्या सशाला हेच झालेलं. हनुवटी ओली आहे का बघा. काय खायला घालता?

अशोकचौक_एक्स्प्रेस (सकाळी ७:५५)
हनुवटी कोरडी. आत्ता कोथिंबीर कचाकचा खाल्ली. रोज लसूणघास, गाजर, कधी बिस्कीट. कडक भाकरी आवडते त्याला.

होटगी_रोडकर (सकाळी ७:५९)
बिस्कीट! भाकरी! बंद करा आधी. सशाचं पोट वाळल्या गवतावर चालतं, ताटात बारा आणे तेच पाहिजे. हराळी सावलीत वाळवून घाला. लसूणघास पिल्लांना ठीक, मोठ्याला रोज नको, कॅल्शियम फार. गाजर म्हणजे त्याचा पेढा.

जोडीदार (सकाळी ८:०१)
आम्ही कोवळं कडवळ घालतो, फुकट मिळतं.

माळरान (सकाळी ८:०४)
कोवळ्या ज्वारीनं गाईला किराळ लागते, गाय तासाभरात आडवी होते. आणि तुम्ही दीड किलोच्या जिवाला घालता? नशीबवान आहात.

अशोकचौक_एक्स्प्रेस (सकाळी ८:२०)
अहो दात नाहीत! आत्ता उचलून बघितलं, पोटावर टक्कल पडलंय! गुलाबी कातडी दिसायलीय. कोपऱ्यातल्या गवतावर पांढरे केस, कापूस पिंजून ठेवल्यासारखे. खरूज आहे का? मला पण होईल का?

पेन्शनर_काका (सकाळी ८:२४)
गोचीड-पिसवांचा स्प्रे मिळतो कुत्र्यांचा. दोन फवारे मारा, दुसऱ्या दिवशी साफ. आमच्या नातवाच्या कुत्र्याला मारला होता.

जुळे_सोलापूरची_ताई (सकाळी ८:२६)
मारू नका! काका, वयाचा मान राखून सांगते, त्या स्प्रेत बहुतेक वेळा फिप्रोनिल असतं. कुत्र्याला चालतं, सशाला ते विष. झटके येऊन ससे गेलेत. बाटली घरात असली तर आत्ता कपाटात ठेवा.

आणि आता सगळे दोन मिनिटं गप्प बसा. तोंडात गवताच्या मिशा. कोपऱ्यात ढीग. वर पोटाचे उपटलेले केस. हात घातला की चावा. अशोकचौक, बंड्या नर आहे हे कुणी ठरवलं?

अशोकचौक_एक्स्प्रेस (सकाळी ८:३१)
दुकानदारानं. सांगितलं की मघाशी.

जुळे_सोलापूरची_ताई (सकाळी ८:३३)
दोन महिन्यांच्या पिल्लात भले भले चुकतात. गळ्याखाली मफलरसारखी घडी आहे का?

अशोकचौक_एक्स्प्रेस (सकाळी ८:३५)
आहे. आम्ही डबल चिन म्हणतो. भाकरीनं आली असेल.

जुळे_सोलापूरची_ताई (सकाळी ८:४१)
भाकरीचा वाटा असेल, पण एवढी घडी सहसा मादीलाच येते. दोघं मिळून बघा. एकानं मांडीवर बसून पाठीला आधार द्यायचा, मागचे पाय मोकळे सोडायचे नाहीत. ससा लाथ झाडतो आणि स्वतःचाच कणा मोडून घेतो. कान धरून तर अजिबात उचलायचं नाही. दुसऱ्यानं शेपटीपुढची जागा हलकी दाबायची. गोल तोंडाची नळी वर आली तर नर, उभी फट दिसली तर मादी. आणि आठ महिन्यांच्या नराच्या वृषणाच्या दोन पिशव्या दाबल्याशिवायच दिसतात.

अशोकचौक_एक्स्प्रेस (सकाळी ९:१५)
बायकोनं धरलं, मी बघितलं. मग मी धरलं, तिनं बघितलं. फट आहे. पिशव्या नाहीत. हिला सात महिने बंड्या म्हणायलोय आम्ही.

गड्डेकर (सकाळी ९:१७)
अभिनंदन!! बारशाला बोलवा!

जोडीदार (सकाळी ९:१८)
म्हणजे पिल्लं होणार. मला दोन पाहिजेत. रेट काय?

होटगी_रोडकर (सकाळी ९:२०)
पण नर कुठाय? एकटी आहे ना? हवेतून पिल्लं होतात काय?

जुळे_सोलापूरची_ताई (सकाळी ९:२२)
तेच विचारते. गेल्या महिन्यात दुसरा ससा जवळ आला होता का? नीट आठवा.

अशोकचौक_एक्स्प्रेस (सकाळी ९:३०)
नाही. म्हणजे मित्राचा ससा होता चार दिवस. त्याचं घर होम मैदानाच्या मागं, दारूकामाला ससा घाबरेल म्हणून माझ्याकडे ठेवलेला. भोगीला आणला, कप्पडकळी (यात्रेचा शेवटचा विधी) झाल्यावर नेला. पण ते काय महत्त्वाचं नाही, छान खेळले दोघं. संक्रांतीच्या दिवशी तर दिवसभर एकमेकांच्या पाठीवर चढायले होते.

होटगी_रोडकर (सकाळी ९:३१)
😐

माळरान (सकाळी ९:३२)
"महत्त्वाचं नाही" म्हणे.

गड्डेकर (सकाळी ९:३३)
रात्री १२:१४ ला मी काय लिहिलंय ते वाचा. दारूकाम! कुणी ऐकेल तर शपथ.

जुळे_सोलापूरची_ताई (सकाळी ९:३६)
मित्राचा नर आहे की मादी? आणि हे तरी दुकानदारानं सांगितलेलं नको.

अशोकचौक_एक्स्प्रेस (सकाळी ९:५०)
फोन केला. मादी. राणी नाव आहे, मागल्या वर्षी सहा पिल्लं झालीत तिला, म्हणजे पक्की मादी. मग हे कसं काय?

जुळे_सोलापूरची_ताई (सकाळी १०:१२)
आता जुळलं. चहा घेऊन बसा, जरा लांब लिहिते.

सशाच्या मादीला गाई-म्हशीसारखा ठरावीक दिवसांचा माज नसतो. पाठीवर कुणी चढलं की त्या चेतनेनं दहा-बारा तासांत बीज सुटतं. चढणारा नरच पाहिजे असं नाही. दोन माद्या एकत्र आल्या की मोठी कोण हे ठरवायला एकमेकींवर चढतात, तुम्हाला तो खेळ वाटला. बीज सुटलं, गर्भ राहिला नाही, पण अंगाला वाटतं राहिलाय. ही खोटी गाभण. साधारण सोळा ते अठरा दिवस टिकते आणि शेवटी शेवटी ती घरटं करायला घेते. संक्रांत १४ तारखेला, आज ३१. मोजा.

खरी गाभण असती तर दिवस भरायला ३० ते ३२ लागतात आणि केस उपटणं अगदी शेवटच्या एक-दोन दिवसांत. म्हणजे १३-१४ फेब्रुवारीला. आज घरटं घातलंय म्हणजे पिल्लांचा हिशोब बसत नाही.

रात्रीचं आपटणं आणि चावणंही त्यातलंच. तिच्या लेखी त्या कोपऱ्यात बाळं येणार आहेत, आणि तुम्ही रोज तिथं हात घालून झाडलोट करताय. केलीत ना झाडलोट?

अशोकचौक_एक्स्प्रेस (सकाळी १०:२०)
आज सकाळचा ढीग उचलून टाकला मगाशी. घाण वाटली.

जुळे_सोलापूरची_ताई (सकाळी १०:२३)
परत उपटेल बिचारी. मूठभर गवत आणि एखादं खोकं द्या आणि तीन-चार दिवस त्या कोपऱ्याला हात लावू नका. उचलू नका. चारा-पाणी लांबच्या बाजूनं ठेवा. दोनच गोष्टींवर लक्ष ठेवा : खाणं आणि लेंड्या. उपटलेले केस पोटात जातात आणि सशाला ओकारी काढताच येत नाही. दहा-बारा तास काही खाल्लं नाही किंवा लेंडी पडली नाही, तर सकाळची वाट न बघता डॉक्टर. अंग आकसून बसली आणि दात करकरा वाजवायला लागली तर ते दुखणं. हळू, बारीक दात वाजवते ते मात्र सुखाचं. आचळं गरम-लाल-कडक झाली तरी दाखवा.

होटगी_रोडकर (सकाळी १०:३०)
पण मित्राचीच राणी परत कुठल्या नरापाशी वगैरे... म्हणजे तुमच्या घरात तिसरा ससा नव्हता ना? आता या धाग्यावर माझा कशावरच विश्वास नाही.

अशोकचौक_एक्स्प्रेस (सकाळी १०:३१)
नव्हता! देवाशपथ.

चादर_गल्ली (सकाळी ११:४०)
धागा वाचला नाही पूर्ण. उन्हाळ्यात सशाला जपा. सोलापूरचा एप्रिल म्हणजे ४०-४२, सशाला तिशीच्या वरच त्रास सुरू होतो, घाम येत नाही, उष्णता कानातून बाहेर टाकतो. बाटलीत बर्फ करून चादरीत गुंडाळून शेजारी ठेवा, तो टेकून झोपतो. चादर सुती पाहिजे.

अशोकचौक_एक्स्प्रेस (१ फेब्रुवारी, दुपारी २:१७)
ताई आहात का? लवकर बघा! बंड्या आत्ता उभ्याउभ्या धाडकन कुशीवर पडली! पाय ताठ, डोळे अर्धे उघडे, पोट वर! हाक मारली, हलत नाही. गेली काय???

होटगी_रोडकर (दुपारी २:१८)
डॉक्टरकडे पळा!

जुळे_सोलापूरची_ताई (दुपारी २:१९)
पळू नका. नाक हलतंय का?

अशोकचौक_एक्स्प्रेस (दुपारी २:२१)
हलतंय. हळू.

जुळे_सोलापूरची_ताई (दुपारी २:२२)
कोथिंबिरीची पिशवी वाजवा.

अशोकचौक_एक्स्प्रेस (दुपारी २:२३)
उठली. उभी राहून माझ्याकडे बघायलीय.

जुळे_सोलापूरची_ताई (दुपारी २:२७)
झोपली होती. सशाला अगदी भरवसा वाटला की असा झाड तोडल्यासारखा पडतो. पहिल्यांदा आमचे हे सशाला टॉवेलात गुंडाळून रिक्षेत बसले होते. सात रस्त्यापर्यंत गेल्यावर सशानं टॉवेलातून डोकं काढलं. रिक्षावाल्यानं भाडं दोघांचं मागितलं.

अशोकचौक_एक्स्प्रेस (३ फेब्रुवारी, रात्री ९:०५)
अपडेट. काल डॉक्टरना दाखवलं. पोट चाचपून म्हणाले, पिल्लं नाहीत. दुसरं काही नाही, केस येतील म्हणाले. वय वाढलं की माद्यांना गर्भाशयाचा कॅन्सर होतो म्हणून ऑपरेशनचं विचार करा म्हणाले, पण सशांची ऑपरेशनं केलेल्याच माणसाकडून. आणि ऑपरेशनआधी उपाशी ठेवायचं नाही म्हणे, आपल्या उलट.

घरटं आज सकाळी तिनंच मोडलं. केस बाजूला सारले आणि खालचं गवत बसून खाल्लं, निम्मं तरी. चार दिवस मला हात लावू दिला नाही त्या ढिगाला, आणि आज स्वतःच नाष्टा केला. रात्री आपटणं बंद. काकूंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या "बाईमाणूस आहे होय, मग बरोबर आहे," आणि कोथिंबिरीची देठं आणून दिली. नाव बंडी करायचं ठरलंय, पण ती बंड्यालाच कान हलवते.

एक राहिलं. कालपासून माझ्या चपलेला हनुवटी घासत फिरायलीय. मग टेबलाच्या पायाला, मग परत चपलेला. खाज आहे का?

जुळे_सोलापूरची_ताई (रात्री ९:१२)
खाज नाही. हनुवटीखाली वासाच्या ग्रंथी असतात, त्यांचा शिक्का मारतेय. टेबल तिचं आणि चप्पलही तिची. तुम्ही वापरू शकता, तिची हरकत नसेल तर.

जोडीदार (रात्री ९:२०)
आता तरी जोडी करा.

माळरान (रात्री ९:२२)
यांना आधी कुणीतरी जोडीतून बाहेर काढा.

नवीपेठ_८८ (रात्री १०:४०)
सर, आमचं पाण्यातलं कासव चार दिवस झाले काही खात नाही. इथंच विचारलं तर चालेल का?

होटगी_रोडकर (रात्री १०:४४)
नवा धागा काढा. आणि पहिल्याच ओळीत लिहा, गड्ड्याला घरी कोण कोण मुक्कामाला होतं.